केसरीनाथ खडकाची मोजणी

हितेश आणि संघरत्ना मॅडम यांची पहिली भेट झाली, तेव्हा भिवंडीजवळच्या दापोड्यातल्या समस्त कुत्र्यांनी भुंकणं थांबवलं, रस्त्यावरच्या कंटेनरनी आपणहून ब्रेक दाबले, आणि अख्खा उन्हाळा नुसता घरघरणाऱ्या ऑफिसच्या एसीने पहिल्यांदाच थंड हवा सोडली. निदान हितेश तरी असंच सांगतो. मॅडम तशा उंचीने बेताच्या, पण त्या दिवशी टेबलामागून उठल्या त्या उठतच राहिल्या आणि त्यांचं डोकं ट्यूबलाइटला टेकलं म्हणे. मग त्यांनी चष्म्यावरून हितेशकडे असं पाहिलं, की आपल्या पोटात सकाळी गेलेले घावणे यांना मोजता येताहेत, अशी त्याची खात्री पटली.

"समुद्र पाहिलायस?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. जुहूचा."

"किती खोल आहे?"

हितेशने आपण पँट कुठवर दुमडली होती ते आठवलं. "गुडघ्याएवढा."

शेजारी बसलेल्या अकाउंटंटला ठसका लागला. मॅडम मात्र गंभीर होत्या. "चालेल," त्या म्हणाल्या. "ज्यांना जास्त माहीत असतं ते अंदाजाने आकडे टाकतात. तू विचारून टाकशील."

अशा रीतीने वळ गावचा हितेश, ज्याला पोहता येत नव्हतं आणि ज्याला एसटीतसुद्धा मळमळायचं, तो जगातल्या जहाजांना रस्ता दाखवायच्या कामाला लागला.

ऑफिस होतं एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर. खाली लहान मुलांच्या डायपरचे खोके, वर समुद्र. दूरदूरच्या देशांची सरकारी खाती आपल्या समुद्राचे नकाशे संगणकावर चढवायचं काम या कंपनीला देत. हितेशला आधी वाटलं, जुन्या कागदी नकाशावर रेघा गिरवायच्या, झालं. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी हा भ्रम धुऊन वाळत घातला.

"हे चित्र नाही," त्या म्हणाल्या. "चित्राला विचारलं तर चित्र बोलत नाही. आपला नकाशा बोलला पाहिजे."

आणि तो खरंच बोलायचा. मोजणीचं जहाज समुद्रावरून फिरतं, तळाकडे आवाज सोडतं, परत आलेला आवाज ऐकून खोली मोजतं. असे ढीगभर आकडे दापोड्याला येत. त्यातले कुठले ठेवायचे ते ही मंडळी ठरवत. नियम असा की एका जागेचे दोन आकडे आले तर कमी खोलीचा घ्यायचा. मग सारख्या खोलीच्या रेघा ओढायच्या, दीपगृह ठेवायचं, त्याचा दिवा किती वेळाने लुकलुकतो ते आत भरायचं, बुडालेलं जहाज असेल तर त्याच्या डोक्यावर किती पाणी आहे ते भरायचं. प्रत्येक वस्तूच्या पोटात तिची माहिती. असा नकाशा जहाजाच्या मशिनमध्ये गेला, की कप्तान त्याला सांगतो, माझं जहाज पाण्यात इतकं बुडतं. मशिन खोल पाणी पांढरं दाखवतं, उथळ पाणी निळं करतं, आणि ठरवलेला रस्ता एखाद्या खडकावरून जायला लागला तर बोंब मारतं. जहाज निघाल्यावरही दर आठवड्याला दुरुस्त्या जात राहतात.

हितेशला हे काम मनापासून आवडलं. त्याला फक्त एक अडचण होती. घरी ते कुणाला समजावता येत नव्हतं. आई, म्हणजे राहीबाई, शेजारणींना सांगायची, "पोरगा कांपुटरव पानी मोजतं." शेजारणींना वाटायचं, टँकरवर आहे.

बाबांचं दुखणं वेगळं होतं. केसरीनाथशेठ तरुणपणी कशेळीच्या खाडीत रेतीची होडी चालवायचे. पुढे रेती गेली, होडी गेली, शेतात गोदामं उभी राहिली. पण गावात ज्याचं त्याचं नाव कशावर तरी लागलेलं होतं. कुणाचं गोदामावर, कुणाचं पाण्याच्या टाकीवर, कुणाचं क्रिकेटच्या ढालीवर, एकाचं तर स्मशानातल्या बाकावर, आणि तो गृहस्थ रोज संध्याकाळी तिथे जाऊन आपल्या नावाला टेकून बसायचा. केसरीनाथशेठांचा चुलतभाऊ सावळाराम याचं नाव थेट गावच्या कमानीवर. देवळाच्या दगडावर वर्गणीदारांची नावं कोरली, तेव्हा सावळारामशेठचं नाव सगळ्या पदव्यांसकट कोरता कोरता दगड संपला आणि पुढचा केसरीनाथ राहून गेला. त्यांचं नाव उरलं फक्त विजेच्या बिलावर. त्यातही केसरनाथ.

आता मॅडमच्या समुद्राकडे वळलं पाहिजे. नव्या पोरांना शिकवण्यासाठी मॅडमनी संगणकावर एक खोटा समुद्र बनवला होता. जगात कुठेही नसलेला. त्यात एक वाकडं बेट, एक बंदर, आणि भरपूर मोकळं पाणी. शिकाऊ पोरांनी त्यात वस्तू टाकायच्या, त्यांची माहिती भरायची, हवं ते नाव द्यायचं. कुणी दीपगृहाला राजनोली नाका म्हटलं होतं, कुणी बुडालेल्या जहाजाला सासूचं नाव दिलं होतं. हितेशने पाण्याखालचा एक खडक टाकला, सगळी माहिती अगदी बिनचूक भरली, आणि नावाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं: केसरीनाथ रॉक.

पडद्यावर ते नाव उमटलं, तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की त्याने गुपचूप मोबाइल काढून फोटो घेतला. पडद्याचा फोटो बाहेर न्यायचा नाही, हा ऑफिसचा पहिला नियम. पण हा समुद्रच खोटा, मग फोटो कसला खरा, असा त्याने विचार केला.

रात्री जेवताना त्याने गंमत म्हणून तो बाबांना दाखवला. केसरीनाथशेठांनी हात धुतला, चष्मा लावला, एकेक अक्षर जोडत वाचलं. मग मोबाइल लांब धरून वाचलं. मग जवळ धरून.

"समुद्रामंदी?" ते म्हणाले. "माज्या नावाचा?"

हितेशच्या तोंडात घास होता.

"किती गुंठ्याचा हाय?"

'बाबा, हे सरावाचं आहे, खरं नाही,' एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्याने घास चावायला घेतला. सुकटीची चटणी होती, भाकरी जाड होती. घास गिळून त्याने तोंड उघडलं, तोवर बाबा मोबाइल घेऊन अंगणात उभे राहून शेजारच्याला हाका मारत होते.

खरं सांगायची वेळ एकदा हुकली की पुढची वेळ पहिल्यापेक्षा अवघड असते, आणि त्याच्या पुढची त्याहून. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्याची दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी गावातला न्हावी पैसे घेईना. म्हणाला, "नको रं बाला, तुमी आता समुद्रवाले." हितेश अर्धवट दाढीनिशीच उठला. रस्त्यात कुणी "काय खडकवाले!" म्हणून हाक मारली की त्याच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या, आणि लोक म्हणायचे, बघा, किती साधा पोरगा, लाजतो.

एवढ्यावर भागलं असतं, पण भिवंडीत कुठलीही गोष्ट फ्लेक्सवर आल्याशिवाय घडली असं धरत नाहीत. पुढच्या सोमवारी हितेश ऑफिसला निघाला, तर दापोड्याच्या रस्त्यावर, बरोबर ऑफिसच्या फाटकासमोर, दोन विजेच्या खांबांच्या मध्ये बाबा हात जोडून उभे. बावीस चाकी ट्रेलरएवढे. डोक्यावर टोपी, गळ्यात चेन, पाठीमागे कुठल्या तरी परदेशी समुद्राच्या लाटा, आणि बाजूला गोलात हितेशने काढलेला तो फोटो. वर लिहिलं होतं: "दर्यासम्राट केसरीनाथशेठ यांच्या नावाने समुद्रात खडक झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुकांचे चेहरे, त्यात शेजारचं तान्हं बाळसुद्धा.

हितेश मान खाली घालून जिना चढला. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "माझ्या समुद्राचं उद्घाटन झालेलं दिसतंय. मला पत्रिका आली नाही."

"मॅडम, मी..."

"ते बेट माझं आहे. मी माझ्या कामतघरच्या खोलीत बसून, वरच्या पॉवरलूमच्या खडखडाटात काढलंय. ओळखणार नाही का?"

हितेशला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. जमिनीत गडप झाला असता तर खाली डायपरच्या खोक्यांवर पडला असता.

"घरी त्यांना खरं वाटतंय?" मॅडमनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

त्याने मान हलवली.

"हितेश, तुला माहितीय ना, नकाशावर खडक कसा येतो? एखादा खलाशी नुसता म्हणाला की मला इथे काहीतरी दिसलं, तरी आपण तो टाकतो. 'आहे की नाही, शंका' असं लिहून टाकतो, पण टाकतो. आणि काढायचा झाला तर? खास जहाज पाठवायला लागतं. तळ विंचरून बघायला लागतो. टाकायला एक तोंड पुरतं." त्या खुर्चीत बसल्या. "तू आज घरी सांग. मग मला येऊन सांग की सांगितलं. फोटोचं मला वर कळवावं लागेल. पण आधी तू घरी सांग."

"सांगतो मॅडम. आजच."

तो खरंच सांगणार होता. ऑफिस सुटल्यावर वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली. पण घरी पोचला, तर ओटीवर सावळारामकाका बसलेले.

सावळारामशेठ कुणाच्या घरी आपण होऊन जात नसत. लोक त्यांच्याकडे येत. आज ते आले होते, पाय हलवत बसले होते, आणि समोरचा चहा साय धरून थंड झाला होता.

"ये रं भाऊ," ते हितेशला म्हणाले. "बस. त्या खडकाचा गट नंबर काय?"

"गट नंबर?"

"सातबारा कुणाच्या नावाव निगतो?"

"माज्या," केसरीनाथशेठ म्हणाले. "नाव माजंच हाय ना त्याव. तू वाचला न्हाय का? फलेक्सव बी हाय."

"नाव असल तुजं. पन केसरी, आजा आपला एकच. आज्याची होडी खाडीतना भायेर समुद्रापरत जात व्हती. त्या खडकाव जालं टाकला असल त्यानं. मंग तो वडिलोपार्जित जाला. म्हंजे सामायिकात." सावळारामशेठनी समजुतीने हात पसरले. "मी काय सगला मागतं का? निम्मा."

"निम्मा?" बाबा उठून उभे राहिले. "कमान एकट्यानी खाल्ली, तवा सामायिक आठवला न्हाय?"

"कमानीचा इशय कारू नको!"

"कारनार! देवलाचा दगड बी कारनार!"

राहीबाई आतून म्हणाली, "अरे, पान्यातल्या धोंड्यासाठी भांडता काय? त्याव गोदाम बसल का?"

क्षणभर दोघेही थांबले, आणि दोघांच्याही डोळ्यांत तो विचार खोलवर रुतताना हितेशला दिसला.

"मोजनी करू," सावळारामशेठ शेवटी म्हणाले. "जागेव जाऊन. निम्मा निगला तर निम्मा. भाऊ, गट नंबर दे."

हितेशने बाबांकडे पाहिलं. कमानीवर नाव आलं नाही म्हणून आयुष्यात कधी तक्रार न केलेला हा माणूस आज पहिल्यांदा चुलतभावासमोर छाती काढून उभा होता. सांगायचं तर आत्ताच. काकांच्या समोर.

"उद्या देतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने वसईच्या बाहेरच्या समुद्राचा नकाशा उघडला आणि जिथे काहीही नाही अशी जागा शोधायला घेतली. खडक नाही, बुडालेलं जहाज नाही, केबल नाही, नुसता चिखलाचा सपाट तळ. आजवर शिकलेलं सगळं त्याला त्यासाठी वापरावं लागलं. जागा इतकी रिकामी होती, की तिथपर्यंत जायचा कुणाला कंटाळाच येईल, असा त्याचा हिशोब. अक्षांश-रेखांश त्याने कागदावर लिहून दिले. सावळारामशेठ ते पाहून म्हणाले, "भलता मोटा गट हाय." मॅडमना हितेशने सांगितलं, "घरी पाहुणे होते, राहून गेलं." मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

जमिनीची मोजणी म्हटल्यावर कंटाळा नावाची गोष्ट वळ गावाला ठाऊक नाही, हे तो विसरला होता. रविवारी सकाळी दोघे भाऊ त्याला गाडीत घालून वसईच्या बंदरावर घेऊन गेले. सावळारामशेठकडे पन्नास मीटरचा टेप होता आणि हद्दीची खूण करायला लाल ऑइलपेंटचा डबा. केसरीनाथशेठकडे राहीबाईने दिलेला नारळ, हळदकुंकू आणि हार.

मासेमारीची बोट चालवणारा तांडेल मोठा उमदा माणूस होता. टेप पाहून त्याने विचारलं, "शेठ, मासा मापायचा काय?" पण भाडं ठरलं होतं, त्याने जास्त चौकशी केली नाही. चाकाशेजारी त्याने एक लहानसा पडदा लावला होता. त्यावर समुद्राचा नकाशा, आणि नकाशावर बोटीची चिमुकली खूण सरकत होती. खाली दुसऱ्या चौकटीत तळाची रेघ. तांडेलने गट नंबर आत घातला आणि बोट निघाली.

खाडीचं तोंड ओलांडल्याबरोबर हितेशच्या पोटाने राजीनामा दिला. तो कडेला ओणवा झाला. केसरीनाथशेठ मात्र बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पाय रोवून उभे होते, वारा खात, कशेळीच्या खाडीत असायचे तसे. "बघ सावळ्या," ते म्हणत होते, "बापाच्या नावाव पोराचं नाव मोटं होतं असं बोलतान लोक. आमच्याकडं पोरानी बापाचं नाव दर्यात नेऊन ठेवलंय." हितेश ओकत होता. समुद्र लागल्यामुळे किती आणि या वाक्यामुळे किती, हे त्याला वेगळं काढता येईना.

बऱ्याच वेळाने तांडेलने इंजिन कमी केलं.

"आली जागा."

तिघांनी चहूकडे पाहिलं. पाणी. पलीकडे पाणी. सावळारामशेठनी टेपचं टोक हातात धरलं होतं, ते तसंच राहिलं.

"खडक कुठं हाय?"

"पान्याखाली असल," केसरीनाथशेठ म्हणाले.

"पान्याखाली असता तर या काचेव वर आला असता," तांडेल म्हणाला. त्याने तळाच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही बघा. सपाट. नुसता चिखल. आनि नकाशाव बी काय न्हाय. आमी इथं कवापासना जाली टाकतो."

सावळारामशेठच्या मिशीखाली हसू हलायला लागलं. बाबांनी हळूच मान वळवून हितेशकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, हेच वाईट. ती नजर म्हणत होती, सांग रे यांना, तुला कळतं त्यातलं.

हितेशने तोंड पुसलं.

"हा नकाशा जुना आहे," तो म्हणाला. "यात नव्या दुरुस्त्या घातलेल्या नाहीत. आणि ती रेघ फक्त बोटीच्या बरोबर खालचा तळ दाखवते, बाजूचा नाही. खडक बाजूला असेल. मशिनवर एवढा विश्वास ठेवू नये, तांडेल."

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द खरा होता. मॅडमनीच शिकवलेला. ते शब्द जुळवून त्याने एक खोटं उभं केलं होतं, अगदी बिनचूक, सगळी माहिती भरून.

बाबांचा चेहरा उजळला. सावळारामशेठचं हसू मावळलं. पण तांडेलकडे कुणी पाहिलं नव्हतं. त्याने इंजिन पार बंद केलं होतं.

"तुमी नकाशे बनवता काय?" त्याने विचारलं.

"ऑफिसात तेच काम आहे."

"मंग बरोबरच असल." तांडेलचा आवाज बारीक झाला होता. "आमी या काचेव कालोखात येतो-जातो. पोरं निजलेली असतान बोटीत. माजा भाव पन याच रस्त्यानी येतो." त्याने पुढे बसलेल्या खलाशाला हाक मारली, "ए, नाळेवर जा, बांबू घे, पानी बघ!" आणि वर टांगलेल्या वायरलेसचा माइक ओढून घेतला. "सगल्या बोटींनी ऐका. या जागेव पान्याखाली खडक हाय. नकाशाव न्हाय. पक्की खबर हाय. सांबालून." मग त्याने सगळा गट नंबर सावकाश वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला.

वायरलेस खरखरला. एक आवाज म्हणाला, "कंच्या बाजूला? आमी तिकरूनच येताव." दुसरा म्हणाला, "मी जाली उचलताव. फिरवताव बोट." तिसरा म्हणाला, "आमच्या कारडात टाकताव खूण. बाकीच्यांना बी देताव."

हितेशला मॅडमचं वाक्य आठवलं. टाकायला एक तोंड पुरतं. आता तो खडक एका बोटीच्या मशिनमधल्या नकाशाच्या कार्डातून दुसरीत जाणार होता, बंदरातून बंदरात. लोक जाळी उचलून वळसा घालणार होते, चांगल्या पाण्यात भीत भीत फिरणार होते, आणि चांगल्या नकाशावरचा विश्वास सोडून देणार होते. काढायला जहाज कुणाकडे होतं?

त्याने पुढे होऊन तांडेलच्या हातातला माइक घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा तो त्याच्यावर कोसळला.

"ऐका," तो म्हणाला. "खडक नाही. इथे काहीच नाही. नकाशा बरोबर आहे. मी खोटं बोललो."

पाणी बोटीला चापट्या मारत होतं.

"खूण टाकू नका. टाकली असेल तर काढा. मी ऑफिसात खोटा खडक बनवला होता, सरावासाठी. घरी खरा म्हणून सांगितला. मशिनवर विश्वास ठेवा. चूक माझी आहे."

वायरलेसच्या खरखरीतून एक म्हातारा आवाज आला, शांत, चौकशी करणारा.

"कोनाचा पोरगा रं तू?"

पाठीमागे बाबा उभे आहेत हे हितेशला माहीत होतं. वळून बघायचं धैर्य नव्हतं. खोटं नाव सांगता आलं असतं. पण आता खोटं बोलायची ताकद त्याच्यात शिल्लक नव्हती.

"वळचा," तो म्हणाला. "केसरीनाथांचा."

"कोनाचा? जरा जोरात."

"केसरीनाथांचा!"

आणि अशा रीतीने केसरीनाथशेठांचं नाव खरोखरच समुद्रावर गेलं. वसईपासून दूरवर, जितक्या बोटींचे वायरलेस चालू होते तितक्यांवर. कुणीतरी हसलं. कुणीतरी शिवी दिली, आणि जाळी उचलायला लावल्याबद्दल बाप काढला. तांडेलने हितेशच्या हातातून माइक काढून घेतला आणि बटण बंद केलं. मग त्याने खलाशाला नाळेवरून मागे बोलावलं.

हितेशने शेवटी मान वळवली. बाबा हातात नारळ घेऊन उभे होते. गळ्याभोवती गुंडाळलेला मफलर वाऱ्याने सुटला होता. त्यांनी नारळ तांडेलपुढे धरला.

"फोर," ते म्हणाले. "तुमी खा सगल्यांनी."

मग ते मागच्या बाजूला गेले आणि दोरखंडाच्या वेटोळ्यावर जाऊन बसले, तोंड किनाऱ्याकडे करून.

हितेशला वाटलं, आता सावळारामकाका सुटणार. आयुष्यभराचं व्याजासकट घेणार. पण सावळारामशेठनी टेप गुंडाळला, रंगाचा डबा फळीखाली पायाने सरकवला, आणि थोड्या वेळाने भावाच्या शेजारी जाऊन टेकले.

"केसरी," ते म्हणाले, "जाऊ दे. पोर हाय."

"हां," केसरीनाथशेठ म्हणाले.

सावळारामशेठनी शिव्या दिल्या असत्या, तर हितेशला ते परवडलं असतं. परतीच्या वाटेवर तो पुन्हा कडेला ओणवा झाला. कुणीतरी मागून त्याच्या शर्टाची कॉलर घट्ट धरून ठेवली होती, तोल जाऊ नये म्हणून. ते बाबा होते. कॉलर त्यांनी बंदर येईपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी हितेश ऑफिसला पोचला, तेव्हा बाबा विजेच्या खांबाला शिडी लावून स्वतःच फ्लेक्स सोडवत होते. ट्रॅफिक तुंबली होती. ट्रकवाले हॉर्न देत होते. एक क्लीनर ओरडला, "चाचा, अपना ही फोटो उतार रहे हो?" बाबांनी वरूनच मान डोलावली. मग खाली उतरून त्यांनी तो रस्त्याच्या कडेला पसरला, चेहरा आतल्या बाजूला येईल असा दुमडला, आणि बगलेत मारून घरी गेले. हितेश फाटकाआड उभा राहून बघत होता. पुढे होऊन एक टोक धरावं, असं त्याला वाटत होतं. त्याने धरलं नाही.

तो जिना चढून वर गेला.

"सांगितलं, मॅडम."

"घरी?"

"घरी, आणि... सगळ्यांनाच."

संघरत्ना मॅडमनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं. वायरलेसचा भाग आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाल्या, "चांगलं काम करायचास," आणि संगणकाकडे वळून वरच्या साहेबांना कळवायला घेतलं.

फोटो बाहेर नेल्याबद्दल कंपनीने हितेशला त्याच महिन्यात काढून टाकलं. तो सध्या सावळारामशेठच्या गोदामात, गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो.